भानुमतीच्या जेवणाची वेळ

गुरुवार, २३ एप्रिल २०२०. सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि गयास शेख वाघांच्या पिंजऱ्यांमागच्या अरुंद बोळात पाण्याची नळी घेऊन कामाला लागले होते. तोंडावर मास्क, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, पायात गमबूट. तिसऱ्या पिंजऱ्याशी ते थांबले. आत सिमेंटच्या ओट्यावर काल संध्याकाळी ठेवलेलं म्हशीचं मांस तसंच पडलेलं होतं. कडा काळ्या पडल्या होत्या, मुंग्या लागल्या होत्या. पिंजऱ्यातून बाहेरच्या मोकळ्या आवारात उघडणारा लोखंडी दरवाजा रात्रभर वर उचललेला होता. भानुमती आत आलीच नव्हती.

गयासभाईंनी मांस घमेल्यात भरलं आणि ओटा धुतला. दरवाजाच्या फटीतून पलीकडे पाहिलं. लिंबाच्या झाडाखाली ती पडली होती. डोळे उघडे होते. कुल्ल्याची हाडं परवापेक्षा वर आलेली दिसत होती.

भानुमती पंधरा वर्षांची वाघीण आहे. पिंजऱ्यातल्या वाघासाठी हे म्हातारपण. तिचं नाव एका जुन्या अधिकाऱ्याच्या सासूबाईंवरून पडलं, असं इथले कर्मचारी सांगतात. अधिकाऱ्यानं ते कधी मान्य केलं नाही. तिचा जन्म शहरातल्या याच प्राणिसंग्रहालयातला. जंगल तिनं पाहिलेलं नाही. आवाराला तीन बाजूंनी भिंत, समोर खंदक, खंदकापलीकडे जाळी, आणि जाळीपलीकडे, मार्चच्या मध्यापर्यंत, माणसं.

गयासभाई त्रेपन्न वर्षांचे. वडील रेल्वे स्टेशनवर टांगा चालवायचे, त्यामुळे जनावराची सवय जन्मापासून. इथं ते रोजंदारीवर हरणांच्या कुरणात लागले, मग बिबट्यांकडे गेले, आणि भानुमती जन्मली त्या वर्षी वाघांकडे आले. तेव्हापासून तिला खाऊ घालणं हे त्यांचं काम. या पंधरा वर्षांत त्यांनी तिला एकदाही हात लावलेला नाही. बघायला येणारे लोक नेमकं हेच विचारतात. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "हात लावायची हौस असंल तर शेळी पाळावी."

रोजचा क्रम साधा होता. साडेपाचला पहारेकरी शिट्टी वाजवत फिरायचा, गर्दी फाटकाकडे सरकायची. गयासभाई मागच्या बोळात जाऊन ओट्यावर मांस ठेवायचे, साखळी ओढून दरवाजा उचलायचे आणि एकदाच हाक मारायचे, "आ जा, भानू." ती यायची. दरवाजा खाली. मग रात्रभर ती आत. मंगळवारी प्राणिसंग्रहालय बंद असायचं आणि त्याच दिवशी वाघ-बिबट्यांना खायला दिलं जायचं नाही. आठवड्यात एक दिवस पोट रिकामं ठेवायची ही इथली जुनी पद्धत. त्या दिवशी दरवाजा उघडा असायचा. तिला वाटलं तर ती आत झोपायची, नाहीतर झाडाखाली.

टाळेबंदीनं या क्रमातलं गयासभाईंचं काम एका मिनिटानंही बदललं नाही. बाकी सगळं बदललं.

आधी आवाज गेला. दिवसभर आत येणारी रिक्षांची घरघर थांबली, रस्त्यावरचे हॉर्न थांबले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेजारचा तरुण वाघ पहाटे ओरडला आणि तो आवाज क्रांती चौकापर्यंत गेला. तिथं बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांनी तो ऐकला. आजूबाजूच्या इमारतींमधल्या लोकांनी गॅलऱ्यांत येऊन ऐकला. वाघ इतकी वर्षं रोज ओरडत होता. तो कानावर यायला शहर बंद पडावं लागलं. प्राणिसंग्रहालयाच्या फाटकावरचा फोन सकाळभर वाजत राहिला. फाटकावर गोकुळ बनकर हा तिशीतला पहारेकरी असतो. वाघ सुटला का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यानं एकच उत्तर दिलं.

"आमचा वाघ आतच हाय, साहेब. तुमी आत ऱ्हा म्हंजे झालं."

गयासभाईंची गल्ली जुन्या शहरात आहे. तिथं रुग्ण सापडला आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले गेले. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना ठरवावं लागलं की घरी जायचं की इथं राहायचं. घरी गेले असते तर पत्र्यांच्या आत अडकले असते. ते इथं राहिले. चाऱ्याच्या कोठाराशेजारच्या खोलीत एक लोखंडी खाट, एक स्टोव्ह, खुंटीला दोन सदरे. पत्नी जैतुनबी रोज दोनदा फोन करतात. त्या दिवशीही सव्वासहाला फोन आला.

"खाई क्या वो?"

"नईं."

"और तुम?"

"चाय पिया."

"दोनों का एकच हाल है. डाक्टरनीबाई आई तो बोलो, दोनोंकू सुई लगा दो."

सुईचा विषय गमतीचा राहिला नव्हता. शुक्रवारी सकाळी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, भानुमतीला बेशुद्ध करून रक्त तपासायचं ठरलं होतं. परवानगी आली होती. बेशुद्ध करायचं तर दुरून औषधाचा बाण मारावा लागतो. या वयात, एप्रिलच्या उन्हात, उपाशी पोटी दिलेलं ते औषध तिला सोसेल का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पशुवैद्य डॉ. अश्लेषा पैठणकर यांनी गयासभाईंना स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "ती परत उठेलच, अशी खात्री मी देत नाही. पण ती गुरुवारी संध्याकाळीही जेवली नाही, तर थांबणं जास्त धोक्याचं आहे."

पावणेनऊला डॉ. पैठणकर स्कूटरवरून आल्या. पुढच्या काचेवर अत्यावश्यक सेवेचा पास चिकटवलेला. सिडकोपासून इथपर्यंत त्यांना रस्त्यात तीन माणसं आणि अकरा कुत्री दिसली होती, असं त्यांनी हेल्मेट काढता काढता सांगितलं. वय चौतीस. आजोबा निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते, वडील बँकेत. घरात जनावरांना हात लावणारी ही पहिलीच. बोलणं थोडकं.

"पाणी पितेय?"

"पिती. सकाळी दोनदा पिली."

"उलटी? शेण... म्हणजे, विष्ठा?"

"खाईलच नाय तर होईल कुठून, मॅडम."

त्या जाळीपाशी गेल्या. दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. तोंडातून लाळ नव्हती, श्वास नीट होता, चालताना पाय अडखळत नव्हता. आजारी जनावराची ठळक खूण सापडत नव्हती. बाकीचे दोन वाघ तरुण होते. ते हल्ली उशिरा आत येत, पण येत आणि खात. हिचं मात्र मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून बिघडत गेलं. आधी अंधार पडल्यावर यायची. मग आत येऊन अर्धंच खायची. शेवटच्या आठवड्यात एकदाच आत आली, मांस हुंगलं आणि परत गेली. तेव्हापासून दाराशीसुद्धा नाही.

गयासभाईंचं निदान पक्कं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात एका वाघिणीला माणसाकडून कोरोना झाल्याची बातमी आली आणि इथं मास्क, मोजे, जंतुनाशक सक्तीचं झालं. बोळात पाऊल टाकण्याआधी गमबूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे. त्यांच्या मते तिथंच सगळं बिनसलं.

"ती मला ओळखत नाय, मॅडम. डोळं सोडून काय दिसतंय माझं? वास तर दवाखान्याचा येतो. हाक मारली तर आवाज कापडातून. तिला वाटतंय, हा कोण परका."

"म्हणून तुम्ही सोमवारी मास्क काढलात."

"दोनच मिनिटं."

"दोन मिनिटंही नाही."

"काढला तरी नाय आली," गयासभाई म्हणाले. मग, "तेच तर लागलं."

दोन आठवडे सगळे याच दिशेनं चालले होते. औषधाचं पाणी बदललं. मास्क नुसत्या पाण्यात धुऊन वाळवले. मोजे मांसाच्या रक्तात बुडवले. गयासभाईंचा जुना, न धुतलेला खाकी सदरा दाराच्या आत टांगून ठेवला. म्हशीचं मांस पुरवणारा बदलला होता, म्हणून चार दिवस कोंबडी देऊन पाहिली, एक दिवस काळीज. मास्क एप्रिलमध्ये आले आणि ती उशिरा यायला लागली मार्चमध्ये, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही असं नाही. ती सगळ्यांना माहीत होती. पण गयासभाई इतक्या खात्रीनं बोलत आणि पंधरा वर्षांच्या हिशेबानं बोलत, की त्या गोष्टीचा विचार कुणी केला नाही.

साडेनऊच्या सुमारास सरूबाई साळवे खराटा घेऊन आल्या. पिंजऱ्यांसमोरचे रस्ते झाडणं हे त्यांचं काम. हर्सूलकडून चालत येतात. टाळेबंदीतही एक दिवस चुकला नव्हता. त्या जाळीसमोरच्या कठड्यावर बसल्या, खराटा आडवा ठेवला आणि कुणी विचारलं नसताना तक्रार सुरू केली.

"झाडू तरी काय? कागुद नाय, शेंगांची टरफलं नाय, आइस्क्रीमच्या काड्या नाय. निसता पाला. दुपारी काम संपतंय, मग बसा वांदरासारखं. कोणता वार हाय त्ये बी ध्यानात ऱ्हाईना. मला तर बाई, रोजच मंगळवार वाटाय लागलाय."

"तुला उपास घडंल, मावशी," फाटकाकडून चहाची किटली घेऊन येणारा गोकुळ म्हणाला.

"मला कशाला घडंल? मी काय वाघीण हाय?"

गोकुळ हसला. गयासभाई हसले नाहीत. डॉ. पैठणकर हसता हसता थांबल्या आणि सरूबाईंकडे बघत राहिल्या. सरूबाईंना वाटलं, आपण काहीतरी वावगं बोललो. त्यांनी पदर तोंडावर घेतला.

"मावशी, परत सांगा. मंगळवारी काय होतं इथं?"

"काय व्हतंय, मॅडम. पब्लिक येत नाय. भोंगा लागत नाय. शिट्टी नाय. आन् ह्यांना खायला नाय."

डॉ. पैठणकर उठून उभ्या राहिल्या. "गयासभाई, मंगळवारी ती दाराशी येते? मांस मागायला?"

"कशाला येईल? तिला माहीत असतं."

"कसं माहीत असतं?"

गयासभाईंनी मान हलवली. "नाय, मॅडम. जनावर हाय. भूक लागली, मांसाचा वास आला, का येत नाय? आन् पब्लिकचा तिला त्रासच होता. मी स्वतः लोकांना हाकलायचो. गप्प झालं, तर बरंच वाटलं पाहिजे ना तिला?"

"वाटायला पाहिजे. मीही तेच धरून चालले होते." त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "बावीस मार्च आठवतोय? रविवार. संध्याकाळी पाचला सगळ्या शहरानं थाळ्या वाजवल्या. तेव्हा आपण बंद होऊन आठवडा होत आला होता. त्या दिवशी काय केलं तिनं?"

याचं उत्तर गयासभाईंना शोधावं लागलं नाही.

"त्या दिवशी वेळेवर आली," ते म्हणाले. "सगळं खाल्लं. मी मनात म्हणलं, चला, आली रुळावर. दुसऱ्या दिवशी परत उशीर."

दूर कुठल्या तरी इमारतीत कुकरची शिट्टी झाली आणि ती इथपर्यंत स्वच्छ ऐकू आली.

सरूबाईंनी खंदकापलीकडे पाहिलं. "म्हंजी पंधरा वरीस ती बी आपल्यालाच बघत व्हती की."

दहा वाजता डॉ. पैठणकरांच्या सांगण्यावरून गोकुळनं सूचनांचा भोंगा सुरू केला. टाळेबंदीपूर्वी हा भोंगा दिवसभर वाजायचा. त्यात अनंतराव नावाच्या, आता निवृत्त झालेल्या कारकुनाचा आवाज आहे. शाळेत हजेरी घ्यावी तसा, प्रत्येक शब्दानंतर थांबणारा. पाच आठवड्यांच्या शांततेनंतर तो एकदम उसळला आणि माकडांच्या पिंजऱ्यात धांदल उडाली. "नागरिकांनी... कृपया... पिंजऱ्याजवळ... गर्दी करू नये. प्राण्यांना... खाद्यपदार्थ... टाकू नयेत." समोरचे सगळे रस्ते रिकामे होते. लहान मुलांची आगगाडी ताडपत्रीखाली झाकलेली होती. तिकिटाच्या खिडकीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. रिकाम्या बागेला अनंतराव बजावत होते की झाडांची पानं तोडू नयेत.

भानुमतीनं डोकं उचललं. फक्त एवढंच. मग पुन्हा पंजांवर ठेवलं.

दुपारभर भोंगा वाजला. चार वाजता डॉ. पैठणकरांनी सगळ्यांना जाळीसमोर बोलावलं. एकमेकांपासून अंतर ठेवून, मास्क लावून, चार माणसांनी गर्दी व्हायचं होतं. रविवारी इथं हजारो येतात.

"करायचं काय नेमकं?" गोकुळनं विचारलं.

"लोक करतात ते."

"लोक लई वंगाळ करत्यात, मॅडम."

"तेच करा."

सुरुवात कुणाला जमेना. डॉ. पैठणकरांनी मोबाइल समोर धरला आणि वर्गात उत्तर द्यावं तशा आवाजात म्हणाल्या, "ए भानू, इकडे बघ ना. फोटो काढायचाय." गोकुळनं "खारे शेंगदाणे, गरम शेंगदाणे" अशी आरोळी दिली आणि स्वतःच लाजला. मग सरूबाईंनी पदर खोचला.

"अगं ए बया! ऊठ की! लासूर टेशनवरनं आलो आमी, तिकीट काढून! घरी जाऊन काय सांगू, वाघ झोपला व्हता म्हनून? ए पिंट्या, चढ वर, चढ कठड्यावर, दिसतंय का? व्हय, तीच वाघीण. नाय, चावत नाय. ए, दगूड नको मारू, त्यो खाकीवाला बघतोय!"

त्या इतक्या जोरात आणि इतक्या खऱ्या बोलत होत्या, की गोकुळ खरंच वळून कठड्यावर बघू लागला. वीस वर्षं रस्ता झाडताना त्यांनी जे ऐकलं होतं, ते सगळं बाहेर येत होतं. लासूरचं कुटुंब संपलं, मग अजिंठ्याहून आलेली शाळेची सहल सुरू झाली, मग नवीन लग्न झालेलं जोडपं, ज्यातल्या नवऱ्याला वाघाची सगळी माहिती असते.

गयासभाई बाजूला उभे होते. "माझ्याच्यानं नाय व्हायचं," ते म्हणाले. "पंधरा वर्षं लोकांना हेच करू नका म्हणून सांगितलं मी."

"मग ते सांगा," डॉ. पैठणकर म्हणाल्या. "रविवारी तुम्ही काय करता?"

गयासभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग सरूबाईंकडे वळले आणि ओरडले.

"ओ बाई! मागं व्हा! जाळीला हात लावू नका म्हणलं ना! वाचता येतं का? पाटी कशाला लावलीय?"

"तू कोन रं मला सांगणारा? वाघ काय तुझ्या बापाचा हाय?"

"खाली उतरवा पोराला! आधी खाली उतरवा! पडला आत, तर काढायला मी जाणार नाय!"

"नगं जाऊ! आमचा पिंट्या वाघाला ऐकनारा नाय!"

भांडण खऱ्या रविवारसारखं रंगलं. मास्कच्या आतून ओरडून गयासभाईंचा चेहरा लाल झाला होता. वर अनंतराव शांतपणे सांगत होते की प्राणी हे आपले मित्र आहेत. झाडाखालच्या भानुमतीचे कान आधी पुढे झाले, मग एक कान त्यांच्याकडे वळला आणि वळलेलाच राहिला. थोड्या वेळानं ती उठून बसली. पाठ त्यांच्याकडे करून. गयासभाई पुढचं बोलायचे थांबले.

"थांबू नका," डॉ. पैठणकर हलक्या आवाजात म्हणाल्या. "पाठ फिरवून बसणं चांगलं की वाईट?"

"रविवारी अशीच बसती," गयासभाई म्हणाले. "कंटाळा येतो तिला पब्लिकचा."

साडेपाचला गोकुळनं शिट्टी तोंडाला लावली. लांब, लांब, आखूड, पूर्वीसारखी. फाटकापासून सुरुवात करून तो सगळ्या रस्त्यांवरून फिरला. भोंगा बंद झाला. सरूबाई पिंट्याला हाका मारत फाटकाकडे निघाल्या, डॉ. पैठणकर चपला घासत त्यांच्या मागे. पावलांचा आवाज हळूहळू कमी होत जायला हवा, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. गयासभाई गमबूट औषधाच्या पाण्यात बुडवून, मास्क आणि मोजे घालून, मागच्या बोळात गेले. ओट्यावर मांस ठेवलं. साखळी ओढली. दरवाजा वर गेला.

हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हे त्यांनी का केलं, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. साखळी हातात धरून ते भिंतीला टेकून उभे राहिले.

बाहेरचा पाचोळा वाजला. मग वाजायचा थांबला. दाराच्या चौकटीत ऊन होतं, त्या उन्हात आधी सावली आली, मग डोकं. वाघ चालताना त्याचा आवाज होत नाही, असं म्हणतात. इतक्या जवळून तो होतो: सिमेंटवर नखं आत घेतलेला पंजा पडतो, तो ओलं फडकं टाकल्यासारखा. भानुमतीनं दारात थांबून बोळाकडे पाहिलं. गजांच्या अलीकडे, हातभर अंतरावर, औषधाच्या वासाचा, बिनचेहऱ्याचा माणूस उभा होता. तिनं त्याच्यावर नजर फार वेळ ठेवली नाही. पुढे आली, मांस हुंगलं, एका पंजानं दाबून धरलं.

गयासभाईंनी साखळी सोडली नाही. दरवाजा खाली घ्यायचा असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा हाड फुटायचा आवाज येऊन गेला होता.

सव्वासहाला ते बाहेर आले. डॉ. पैठणकर, गोकुळ आणि सरूबाई फाटकाजवळ उभे होते. गयासभाईंनी रिकामं घमेलं उलटं करून दाखवलं. गोकुळनं खिशातली शिट्टी काढून पुन्हा एकदा वाजवली, आणि दूर माकडांनी त्याला शिव्या दिल्या.

डॉ. पैठणकरांनी तिथंच उभं राहून फोन केला आणि दुसऱ्या दिवशीचा बाण रद्द केला. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "एका दिवसावरून सिद्ध काही होत नाही. भूक अनावर झाली असेल. मांस आज ताजं होतं. वय आहे, वास आहे, सगळंच थोडं थोडं असेल. उद्या पुन्हा करू आणि परवा पुन्हा."

गयासभाई मोजे काढत होते. "एक सांगू, मॅडम? पंधरा वर्षं मी हाक मारतो आन् ती येती, असं मी समजत होतो. आज हाक मारलीच नाय."

"मग?"

"मग काय. आली." त्यांनी मोजे बादलीत टाकले. "ती माझ्यासाठी येतच नव्हती. शिट्टी झाली, लोक गेले, आता आपली वेळ, एवढं तिचं होतं. मी आपला मधे उभा."

हे त्यांनी दुःखानं म्हटलं नाही. एखाद्या मोठ्या माणसाबद्दल नवीन काही कळल्यावर बोलावं, तसं म्हटलं. आठवडा, रविवार, मंगळवार, माणसांची ये-जा. कुणी शिकवलेलं नसताना एका वाघिणीनं हे सगळं खंदकाच्या पलीकडून हेरून घेतलं होतं. शहरानं आपला आठवडा एका रात्रीत मोडला, तेव्हा तिचाही मोडला; तिच्याजवळ तेवढाच होता. बाकी तिला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं.

रात्री जैतुनबींचा फोन आला. वाघिणीनं खाल्लं, हे ऐकून त्या म्हणाल्या, "अल्ला का शुकर." मग, "कैसे खाई?" गयासभाईंनी सगळं सांगितलं, सरूबाईंचा पिंट्या, लासूरचं तिकीट, भांडण. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला. पत्र्यामागच्या त्या गल्लीत असं हसणं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं, असं जैतुनबी नंतर म्हणाल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तो अब रोज झगडा करते क्या उस बाई से?"

"हौ," गयासभाई म्हणाले. "ड्यूटी है."

शुक्रवारी भानुमती साडेपाचनंतर वीस मिनिटांनी आली आणि अर्ध्याहून जास्त जेवली. शनिवारी, पहिल्या रोजाच्या दिवशी, वेळेवर. रविवारी डॉ. पैठणकरांनी घरून जुनी बाहुली आणली, जी दाबली की रडते. ती आता कठड्यामागं ठेवलेली असते आणि सरूबाई तिला पिंट्याची धाकटी बहीण म्हणतात. मधे एकदा वीज गेली, भोंगा बंद पडला आणि शिट्टीही उशिरा झाली. भानुमती त्या दिवशी आठ वाजेपर्यंत झाडाखालून हलली नाही. डॉ. पैठणकर याला अजूनही पुरावा म्हणत नाहीत.

माणसांसाठी बंद असलेलं हे प्राणिसंग्रहालय आता एका वाघिणीसाठी सकाळी दहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. बाहेरच्या रस्त्यावरून जाणारे पोलीस भिंतीपलीकडून येणारी भांडणं ऐकून सुरुवातीला आत डोकावले होते. आता डोकावत नाहीत.

आज मंगळवार, १२ मे. भानुमतीचा उपवास आणि गयासभाईंचा रोजा एकाच दिवशी आले आहेत. भोंगा बंद आहे, जाळीसमोर कुणी नाही. दुपारच्या उन्हात ती खंदकातल्या पाण्यात मानेपर्यंत बसली आहे आणि मागच्या बोळात गयासभाई गजांना रंग देत आहेत. ती दाराशी आलेली नाही. त्यांनी तिला बोलावलेलं नाही.

उद्या बुधवारी गोकुळला सुट्टी आहे. साडेपाचची शिट्टी पहिल्यांदाच सरूबाई वाजवणार आहेत.